एस्क्वायर : किताब नव्हे, मायना

प्रश्न : माझे आजोबा स्वातंत्र्यापूर्वी कराडला वकिली करत होते. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांच्या नावाचं एक जुनं सरकारी पाकीट सापडलं. त्यावर इंग्रजीत त्यांच्या नावानंतर ‘एस्क्वायर’ असं लिहिलेलं आहे. आमच्या घरात पूर्वापार बोललं जातं, की आजोबांना इंग्रज सरकारनं एस्क्वायर ही पदवी दिली होती. अमेरिकेतला भाचा म्हणतो, पदवी वगैरे काही नाही, एस्क्वायर म्हणजे वकील. आजोबांच्या पुण्यतिथीला आम्ही स्मरणिका काढतो आहोत. तिच्यात काय छापावं? पाकिटाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. – एक वाचक भगिनी, कराड

ताई, झेरॉक्स भिंग लावून पाहिली. माझी एकोणचाळीस वर्षं टपालखात्यात गेली. पाकीट हातात आलं, की मी आधी तिकीट बघते, मग शिक्का, आणि नाव सगळ्यांत शेवटी. तुमच्या पाकिटावर ‘ऑन हिज मॅजेस्टीज सर्व्हिस’ असं छापलेलं आहे, कोपऱ्यात पंचम जॉर्जचं तिकीट आहे आणि तिकिटावर ‘सर्व्हिस’ असा छाप आहे. पंचम जॉर्ज १९३६च्या जानेवारीत वारले आणि सहाव्या जॉर्जची तिकिटं १९३७पासून निघाली, म्हणजे पाकीट साधारण त्याआधीचं. शिक्का साताऱ्याचा आहे. तारीख झेरॉक्समध्ये उतरलेली नाही.

आता तुमचा प्रश्न. ‘एस्क्वायर ही पदवी मिळाली’ असं स्मरणिकेत छापू नका, कारण ते खरं नाही. पण भाच्याचा अर्थही तुमच्या आजोबांना लागू पडत नाही. एस्क्वायर हा किताब नव्हता, तो मायना होता.

मायना हा शब्द आता शाळेच्या पत्रलेखनापुरता उरला आहे, पण आमच्या पिढीला तो पाठ होता. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, सवाष्णीला ‘सौ.’, शास्त्रीबुवांना ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, आणि बाहेरच्या कुणाही प्रतिष्ठित माणसाला ‘रा. रा.’. राजमान्य राजश्री. पेशवाईतली पत्रं पाहिलीत तर ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री अमुक अमुक गोसावी यांसी’ अशी त्यांची सुरुवात असते. एके काळी ज्याला खरोखर राजदरबारी मान होता त्याच्यासाठीचा हा मायना. पुढे राजा नाहीसा झाला, तरी ‘रा. रा.’ लग्नपत्रिकेत टिकून राहिलं. एस्क्वायरचं अगदी असंच झालं, म्हणून त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

लॅटिनमध्ये ढालीला ‘स्कूटम’ म्हणत. ढाल बाळगणारा तो ‘स्कुटारियस’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एस्कुयेर’ झालं, तिथून इंग्रजीत एस्क्वायर, आणि तोंडात झिजून नुसतं ‘स्क्वायर’. मध्ययुगातला नाईट म्हणजे घोड्यावर बसून लढणारा चिलखती योद्धा. त्याची ढाल आणि भाले घेऊन मागे चालायचं, घोडा सांभाळायचा, चिलखताचे पट्टे आवळायचे, जेवताना वाढायचं, ही सगळी कामं करणारा तरुण मुलगा म्हणजे एस्क्वायर. हा नोकराचा पोरगा नसे. चांगल्या घरातला मुलगा सातेक वर्षांचा झाला, की दुसऱ्या सरदाराच्या वाड्यावर पाठवत, चौदाच्या सुमारास तो एस्क्वायर होई आणि एकविशीच्या आसपास नाईट.

पण नाईट होणं फार खर्चाचं काम होतं. घोडे, चिलखत, राजानं बोलावलं की हजेरी. त्यामुळे तेराव्या-चौदाव्या शतकात जमीनजुमला असलेली कितीतरी माणसं नाईट झालीच नाहीत, जन्मभर एस्क्वायरच राहिली. ढाल हातातून गेली, नाव तेवढं अंगाला चिकटलं. मग १४१३मध्ये इंग्लंडात एक कायदा झाला, की दाव्याच्या कागदात माणसाच्या नावाबरोबर त्याचा दर्जा किंवा धंदा आणि त्याचं गाव लिहिलंच पाहिजे. आपल्याकडे जुन्या कागदांत ‘मोकदम मौजे अमुक’, म्हणजे अमुक गावचा पाटील, असं लिहीत, तसंच. लिहायचं म्हटल्यावर पायऱ्या ठरल्या. नाईटच्या खाली एस्क्वायर, एस्क्वायरच्या खाली जंटलमन.

लॅटिन कागदांत याच एस्क्वायरला ‘आर्मिजेर’ म्हणत. आर्मिजेर म्हणजे शस्त्रं वाहणारा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले, कारण हा आपला शिलेदार! ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, ‘दार’ म्हणजे बाळगणारा. शिवाजी महाराजांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई तो शिलेदार. हत्यार वाहणं हे आधी काम होतं, मग तो दर्जा झाला, आणि आता आडनाव आहे. ढालाईत हे आडनावही सांगली-कोल्हापूरकडे आहे. एस्क्वायरचं मराठी भाषांतर कुणी मागितलं तर मी ‘ढालाईत’ असंच करीन.

सातारकरांना ओळखीचा एक एस्क्वायर सांगते. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. पेशवाई बुडाल्यावर १८१८मध्ये इंग्रजांनी त्याला साताऱ्याला नेमलं, प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी. त्याचा तीन खंडांचा इतिहास लंडनला १८२६मध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या पानावर नाव आहे ‘जेम्स ग्रँट डफ, एस्क्वायर’, आणि खाली ‘कॅप्टन, मुंबईची ग्रेनेडियर पलटण’. डफ वकील नव्हता. त्याला कुणी एस्क्वायर म्हणून सनदही दिली नव्हती. तो भल्या घरचा माणूस आणि पलटणीतला कप्तान, तेवढ्यानं ते नावानंतर लागत होतं. डफच्या काळापर्यंत इंग्लंडात ज्याला हातानं काम करून पोट भरावं लागत नाही, अशा बहुतेक कुणाच्याही पाकिटावर एस्क्वायर लिहिलं जाऊ लागलं होतं. डॉक्टरच्या, व्यापाऱ्याच्या, कारखानदाराच्यासुद्धा.

त्याचे नियम मात्र कडक होते. आधी ‘मिस्टर’ लिहिलं तर नंतर एस्क्वायर लिहायचं नाही. दोन्हीपैकी एकच. एस्क्वायर नावानंतर, आणि बी. ए., एलएल. बी. वगैरे त्याच्याही नंतर. आणि ते फक्त पाकिटावर, आत पत्राची सुरुवात ‘डिअर मिस्टर अमुक’ अशी. तुमच्या पाकिटावर हे सगळं बरोबर पाळलेलं आहे. नावाआधी मिस्टर नाही, नंतर एस्क्वायर, मग स्वल्पविराम देऊन ‘प्लीडर’, म्हणजे वकील. पत्ता लिहिणाऱ्या कारकुनाला रीत ठाऊक होती.

भाचा म्हणतो ते आजच्या अमेरिकेत खरं आहे. तिथे वकील लोक आपल्या नावानंतर एस्क्वायर लावतात, स्त्रिया असल्या तरी लावतात. इंग्लंडातही बॅरिस्टरला एस्क्वायर म्हणायचं आणि सॉलिसिटरला नुसतं जंटलमन, असा जुना भेद होता. त्या धाग्यानं वकिलीशी नातं आहेच. पण तुमच्या आजोबांच्या पाकिटावर ‘प्लीडर’ हा शब्द वेगळा लिहिला आहे. एस्क्वायरचा अर्थच वकील असता तर कारकुनानं एकच गोष्ट दोनदा कशाला लिहिली असती?

खरा किताब कसा ओळखायचा तेही सांगते, म्हणजे ट्रंक पुन्हा एकदा पाहता येईल. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर हे सरकारनं द्यायचे किताब. नववर्षाच्या दिवशी किंवा बादशहाच्या वाढदिवशी यादी जाहीर होई, गॅझेटात नाव येई, सनद मिळे, पदक मिळे. साताऱ्याचे रावबहादूर काळे आठवा. त्यांच्या देणगीतून १९३०मध्ये पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. त्यांचं रावबहादूर हे असं रीतसर मिळालेलं. तुमच्या ट्रंकेत सनद किंवा पदक निघालं, तर ती वेगळी गोष्ट आणि ती जरूर छापा. नुसत्या पाकिटावरून किताब सिद्ध होत नाही.

घरच्यांना वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. तीनचार पिढ्या सांगितलेली गोष्ट खोटी म्हणायची, ती पुण्यतिथीच्या स्मरणिकेत! पण तुमच्याच पत्रात खाली एक ओळ आहे, तिच्यावर तुम्ही फारसा भर दिलेला नाही. त्याच ट्रंकेत आजोबांच्या पक्षकारांची मोडीत आणि बाळबोधीत लिहिलेली पोस्टकार्डं आहेत, आणि त्यांवर ‘रा. रा. वकीलसाहेब यांसी’ असं आहे. ताई, ही कार्डं त्या पाकिटापेक्षा मोठी आहेत असं मला मनापासून वाटतं. सरकारी कारकुनानं रीत म्हणून एस्क्वायर लिहिलं. कोयनाकाठच्या शेतकऱ्यानं, बहुधा दुसऱ्याकडून लिहवून घेऊन, दोन पैसे मोजून जे ‘रा. रा.’ लिहवलं, त्यात त्याचा जीव होता.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९७५ साली नोकरीला लागले तेव्हा पाटण तालुक्यातल्या एका लहान कचेरीत खिडकीवर होते. गावातली निम्मी तरणी माणसं मुंबईला गिरणीत, आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेला मनीऑर्डरींचा ढीग. मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोपासाठी कूपन असे, त्यावर दोन बोटं जागा. त्या जागेतही पोरगा आधी ‘ती. आबांस शि. सा. न.’ लिहायचा, मग पैशांचं. चाळीस रुपये पाठवणारासुद्धा शिरसाष्टांग नमस्कार सोडत नसे. १९८२चा संप झाला, मनीऑर्डरी आटल्या, तरी नुसती कार्डं यायची आणि त्यांवर मायना तसाच पुरा.

त्याच खिडकीवर मी दुसरी बाजूही पाहिली. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहायची पद्धत होती. गंगाभागीरथी. शब्द पवित्र खरा, पण तो प्रत्येक पाकिटावर येऊन तिला तिचं वैधव्य वाचून दाखवायचा. एक आजी निरक्षर होत्या, पण त्या दोन अक्षरांचा आकार ओळखायच्या. त्यांनी मला सांगितलं, पोराला लिही, नुसतं नाव घाल म्हणावं. मी तसं कार्ड लिहिलं. पुढच्या महिन्यापासून ‘श्रीमती’ आलं. तेव्हापासून मी पत्त्यावरच्या मायन्याला क्षुल्लक समजत नाही. ज्याच्या नावावर तो बसतो त्याला तो रोज सोसावा लागतो किंवा रोज सुखावतो.

तर स्मरणिकेत असं छापा : ‘पंचम जॉर्जच्या तिकिटाचं, साधारण १९३७पूर्वीचं सरकारी पाकीट. त्या काळच्या इंग्रजी रीतीनुसार आदरार्थी एस्क्वायर असा उल्लेख.’ आणि त्याच पानावर, शेजारी, एक पोस्टकार्ड. दोन्हींचे फोटो मागच्या-पुढच्या बाजूंसकट काढा. पोचलेल्या गावचा शिक्का मागच्या बाजूला मारत. कराडच्या शिक्क्याची तारीख वाचता आली तर मला नक्की कळवा.

*

प्रश्न : मी ‘आमचे मिस्टर’ म्हटलं की माझा मुलगा हसतो. म्हणतो, आई, इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही. मग आम्ही म्हणायचं तरी काय? – तासगावहून एक गृहिणी

खुशाल ‘मिस्टर’ म्हणा. इंग्रजीत मिस्टरला सहसा पुढे आडनाव लागतं, ते एकटं उभं राहत नाही, एवढं मुलाचं बरोबर. पण तुम्ही बोलता ते इंग्रजी नाहीच, मराठी आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर उखाण्यातच, या आपल्या चालीमुळे आम्हा बायकांना नावाऐवजी काहीतरी शब्द लागतोच. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत ‘आमचं मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’ म्हणतात. शिकलेल्या घरांत ‘हे’ आणि ‘मिस्टर’ आलं.

गंमत अशी, की मिस्टर म्हणजे मूळचा मालकच. मिस्टर हे ‘मास्टर’चं झिजलेलं रूप, आणि मास्टर लॅटिन ‘माजिस्टेर’वरून आलं. माजिस्टेर म्हणजे प्रमुख, धनी, शिकवणारा. तोच शब्द इंग्रजांबरोबर येऊन आपल्याकडे शाळेतला ‘मास्तर’ झाला. तोच त्याआधी पोर्तुगिजांबरोबर ‘मेस्त्रे’ होऊन आला आणि त्याचा ‘मिस्त्री’ झाला. मॅजिस्ट्रेटही त्याच घरातला. म्हणजे तुमच्या गल्लीत बांधकामावरचा मिस्त्री, शाळेतले मास्तर, कचेरीतले मॅजिस्ट्रेट आणि तुमचे मिस्टर हे चौघं एका आजोबांचे नातू.

मी पोस्टमास्तर झाले तेव्हा गाव मला ‘पोस्टमास्तरबाई’ म्हणायचं. इंग्रजीत मास्टरचं स्त्रीरूप ‘मिस्ट्रेस’. त्यातूनच मिसेसही निघालं आणि मिसही. अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडात लग्न न झालेल्या प्रौढ बाईलाही मिसेस म्हणत, कारण तो शब्द तिच्या नवऱ्याबद्दल नव्हता, तिच्या मानाबद्दल होता. नंतर लग्नाची खूण म्हणून त्याची वाटणी झाली. मला ती वाटणी कधीच आवडली नाही. पुरुषाच्या मिस्टरवरून त्याचं लग्न झालंय की नाही ते कुणाला कळत नाही, मग बाईच्या पाकिटावरून का कळावं?

*

प्रश्न : आम्ही कॉलेजात प्राध्यापकांना ‘सर’ म्हणतो. ‘सर’ हा किताबही होता. दोन्ही एकच का? – एक विद्यार्थी, सांगली

शब्द एकच, वापर दोन. लॅटिन ‘सेनिऑर’, म्हणजे वयानं मोठा, त्यावरून फ्रेंचमध्ये ‘सीर’ आणि इंग्रजीत ‘सर’. मराठीत शब्दशः ‘थोरले’. साताऱ्याच्या पहिल्या शाहू महाराजांना आपण थोरले शाहू म्हणतो, त्यातलं थोरले.

किताबातला सर नेहमी पहिल्या नावाला लागतो. सर रामकृष्ण किंवा सर रामकृष्ण भांडारकर हे बरोबर, ‘सर भांडारकर’ हे चूक. आपण वर्गात हाक मारतो ती उलटी, ‘भांडारकर सर’. तुमच्या सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या नावाआधीही सर लागत असे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं असे किताब बंद केले. लष्करी आणि विद्येच्या पदव्या तेवढ्या राहिल्या. पद्म पुरस्कारही नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये सांगितलं. भाऊराव पाटलांना १९५९मध्ये पद्मभूषण मिळालं, ते नावाला लागत नाही. ‘कर्मवीर’ मात्र लागतं, कारण ते लोकांनी दिलेलं आहे, आणि लोकांवर कलम नाही.

तुमच्या कॉलेजात बाईंना ‘मॅडम’ म्हणत असाल. तो फ्रेंच ‘मा दाम’, म्हणजे ‘माझ्या बाई’. आम्ही शाळेत म्हणायचो तेच.